हातात येणारे मासे

लाडक्या धाकट्यास,

तुम्हा सगळ्यांना ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण काम बसूनच असतं. प्रयोगशाळेत काचेच्या टाक्यांतल्या छोट्या माशांवर दिवसभर नजर ठेवायची, एवढंच. संध्याकाळी डोळे आपोआप मिटतात.

तू लिहिलंस, ‘आपल्या तळ्यातले मासे इतके माणसाळलेत, की पोरं ओंजळीत पकडतात.’ वाचून आधी हसले. आपण दोघं दुपारभर कपडे भिजवायचो, एक मासा हाती लागला असेल तर शपथ!

मग हसू मावळलं. इथे टाकीवरून नुसता हात फिरवला, तरी मासे दगडाखाली पळतात. ज्या पाण्यात फवारणीच्या औषधाचा थेंब असतो, तिथले मात्र जागचे हलत नाहीत. मरत नाहीत, खातातही, फक्त घाबरायचं विसरतात. राजा, तुझे मासे माणसाळलेले नाहीत रे.

फवारणीचा पंप अजून तळ्यातच धुतोस का? रागावू नकोस, आता मला वाद घालायचंही त्राण नाही. पोरांना पाण्यात उतरू देऊ नकोस, कितीही रडली तरी.

आणि पकडलेल्या माशांचं पुढे काय करता, ते तू लिहिलं नाहीस. तेवढं आधी कळव.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई