टाकीचं बूच

बाबा, उद्या सकाळी मला नाशिकला जायचं आहे. तीन दिवस, दोन रात्री. सव्वीस जानेवारी सोमवारी आली आहे, म्हणून शनिवार-रविवार धरून सलग सुट्टी होते. मला कसली सुट्टी, मी घरीच असतो. पण माझा मित्र या वयातही वालीवला लेथवर जातो, आणि माझी सून घरात असल्याशिवाय मी घर सोडत नाही, त्यामुळे दोघांची सुट्टी जुळावी लागते. पिशवी परवापासून भरून ठेवली आहे. काल ती मी दोनदा रिकामी केली, कारण गोळ्या कुठल्या कप्प्यात ठेवल्या ते आठवेना आणि स्वेटर अगदी तळाशी गेला होता. अजून उंबरा ओलांडलेला नाही आणि मी दमलो आहे.

या मित्राला तुम्ही पाहिलेलं नाही. मिठागराच्या गावचा आहे, बायको गेल्यापासून एकटाच राहतो. वालीवच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षं बरोबर काढली, तो लेथवर आणि मी स्टोअरला. सातवी झालेल्या माणसाला स्टोअर मिळालं ते माझ्या स्वभावामुळे. संध्याकाळी कारखाना बंद करायचं काम माझ्याकडे होतं. मेन स्विच, कॉम्प्रेसर, मागचं शटर, पुढचं शटर. कुलूप लावून फाटकापर्यंत यायचो आणि परत जाऊन ओढून बघायचो. मित्र सायकल धरून उभा असायचा. "काय म्हनतंय कुलूप? येतंय का आपल्याबरोबर चहाला?" असं ओरडायचा. मालकांना मात्र तो माझा गुण वाटायचा. घरी त्याच गुणाचा सगळ्यांना ताप झाला. तुमच्या सुनेला मी कधी कुठे नेलं नाही. तिने पहिली काही वर्षं विचारलं, मग विचारायचं सोडलं. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

नाशिकचं हे तिसऱ्यांदा ठरतं आहे. गेल्या पावसाळ्यात मी घाटात दरड येते म्हटलं. दिवाळीत गुडघा पुढे केला. या वेळी मित्र सरळ घरी आला आणि ओट्यावर बसला. मी विचारलं, खोली तळमजल्यावर आहे का? तो म्हणाला, "तुझ्यासाठी खाली खोदायला सांगितलंय, तळघरात देतील." मी विचारलं, गरम पाणी? "मिळतं म्हनाला." आणि तिथे छातीत वगैरे दुखलं तर? तो म्हणाला, "मग तिथंच जाऊ. लोकं अस्थी घेऊन गंगेवर जातात, आपन आख्खे पोचू. पोरांचा हेलपाटा वाचेल." सून आत भाजी चिरत होती, ती मोठ्याने हसली. "पप्पा, जा हो. घर मी बघते. कुठे पळून जातंय ते?" मी नाही हसलो. मग मित्रही उठला. चप्पल पायात सरकवताना म्हणाला, "शिमगा झाला की मी बडोद्याला पोरीकडं चाललो. कायमचा. तिसऱ्यांदा विचारतोय तुला. चौथ्यांदा विचारायला मी इकडं नसनार."

तेव्हापासून मला तो दिवस आठवतो आहे. तुम्हीसुद्धा नाशिकचंच ठरवलं होतंत. आईला गंगेवर अंघोळ करायची होती, रामाचं दर्शन घ्यायचं होतं. लग्नापासून ती म्हणत होती. पण पानवेलीची वाडी सोडून जाणार कसं? वेलीला पाणी रोज हवं, आणि मुळाशी साचलं तर वेल कुजते. वाडीतल्या बावखलाच्या तळ्यातलं पाणी रहाटाने टाकीत चढायचं आणि टाकीच्या भोकातून पाटात जायचं. भोकाला लाकडी बूच, त्याला चिंधी गुंडाळलेली. ते सैल राहिलं तर टाकीभर पाणी वाफ्यांत उतरून वर्षाची मेहनत गेली. शेजारच्या वाडीतले काका दुसऱ्या दिवशीपासून पाणी द्यायला कबूल झाले, तेव्हा कुठे तुम्ही हो म्हणालात. मी अकरा वर्षांचा होतो, ताई तेव्हा आजोळी गेली होती.

निघायच्या सकाळी बूच तुम्ही माझ्या हातात दिलंत. त्याआधी त्याला मला कधी हातही लावू दिला नव्हतात. मी चिंधी नवी गुंडाळली, बूच बसवलं, दगडाने तीन ठोके मारले आणि खाली तळवा धरून उभा राहिलो. एक थेंब आला नाही. तुम्ही लांबूनच विचारलंत, "बसलं?" मी म्हटलं, "बसलं." तुम्ही बघायलाही आला नाहीत. धोतराचा सोगा खोचलात आणि चालू लागलात.

स्टँडवर आई वांगी रंगाच्या लुगड्यात उभी आहे. केसांत आपल्याच वाडीतली शेवंती. कडेला फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. तिचं तोंड मी पुन्हा कधी तसं पाहिलं नाही. गाडी लागते. कंडक्टर म्हणतो, "चला मावशी, वर चला." आई चढते. तुमचा एक पाय पायरीवर आहे आणि मी तुमचा सदरा ओढतो. "बाबा, बूच नीट बसलं नसेल तर?"

"बसलं म्हणालास ना?"

"म्हटलं. पण आता वाटतंय, नाही बसलं."

तुम्ही पाय खाली घेतलात. आई दारातून म्हणाली, "अहो, एक दिवसाने काय होतंय?" तुम्हालाही माहीत होतं आणि तिलाही, एका दिवसात काय होतं ते. ती उतरली. गाडी गेली. वाडीत शिरल्यावर तुम्ही तडक टाकीपाशी गेलात, वाकलात, बुचाखाली तळवा धरलात. मी तुमच्या मागेच होतो. तळवा कोरडा होता. तुम्ही तो माझ्यासमोर धरलात. मी आता थप्पड बसणार म्हणून डोळे मिटले. तेवढ्यात आईने विचारलं, "काय झालं?" आणि तुम्ही म्हणालात, "सैल होतं. मीच नीट बसवलं नव्हतं. बरं झालं आलो."

भाकऱ्या आपण वाडीतच खाल्ल्या. आईने खाल्ली नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हणालात. पुढच्या वर्षी ताईचं लग्न निघालं, मग रहाट मोडला, मग तुमची कंबर. नाशिक राहिलं ते राहिलंच. तुम्ही कुठलीही गोष्ट कबूल केलीत की आई म्हणायची, "आधी बूच बसवा." पाहुण्यांसमोर म्हणायची, माझ्या लग्नात म्हणाली, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही म्हणाली. तुम्ही तपकिरीची डबी शोधत बसायचात.

आज दुपारी काय झालं ते सांगायला हे लिहितो आहे. मी मित्राला फोन केला. म्हटलं, तुझ्या गॅसचा रेग्युलेटर मागे गळत होता ना, तो आधी माणूस बोलावून दाखव, बंद घरात गॅस साठला म्हणजे? आपण पुढच्या सुट्टीत जाऊ. बाबा, त्याचा रेग्युलेटर कधीच गळत नव्हता. मी त्याच्या स्वयंपाकघरात गेलेलोसुद्धा नाही. शब्द तोंडातून गेले आणि माझ्या हातात तुमच्या सदऱ्याचं टोक आलं.

मित्राने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गळू दे. मी सहाला रिक्षा घेऊन तुझ्या दारात येतो. स्टँडवर तुझी वाट नाय बघनार."

फोन ठेवून मी मागच्या बाजूला गेलो. वाडी आता घराभोवती चार केळी आणि एक सोनचाफा एवढीच आहे, बाकी सगळीकडे इमारती. टाकी आहे. सुनेने तिच्यात माती भरून अळू लावला आहे. बुचाचं भोक केव्हाच सिमेंटने बुजवलं. तरी मी वाकून खाली तळवा धरला. कोरडाच आला. मग तिथूनच मित्राला परत फोन लावला. म्हटलं, तुझा रेग्युलेटर ठीक आहे. मला भीती वाटते, म्हणून बोललो. कसली ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. आपण गेलो की मागे काहीतरी होईल, एवढंच वाटतं. लहानपणापासून वाटतं.

तो म्हणाला, "मला काय नवीन सांगतोस? तीस वर्षं तुझ्या कुलपासाठी उभा होतो. कानटोपी घे, तिकडं गारठा आहे."

कानटोपी पिशवीत घातली, वरच, हाताला लागेल अशी. हा कागद देव्हाऱ्याखालच्या खणात तुमच्या चष्म्याजवळ ठेवणार आहे. तुम्हाला यात नवीन काही नाही. तुमचा तळवा कोरडा होता. जिला हे सांगायला हवं होतं ती आई. ती तुमच्यानंतर नऊ वर्षं या घरात माझ्याबरोबर होती, आणि तुमच्या बुचाची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. दर वेळी मी शेजारी बसलेलो असायचो. आणि बाबा, सगळ्यांबरोबर मीही हसायचो.