जादूगाराचा खोकला

तीर्थरूप बाबा,

तुमच्या शिंपीणबाईचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, असं आईला सांगा.

लहानपणी तुम्ही आम्हाला म्हाताऱ्या जादूगाराची जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचात ना? तिच्यावरच आमची ही मालिका निघतेय. जादूगाराचा झगा मी शिवला! माप घेताना मी नटाला सांगितलं, "हा जादूगार बोलण्याआधी छातीवर हात ठेवून दोनदा खोकतो. म्हणून गळा सैल ठेवते."

काल तो नट झगा घालून आला, छातीवर हात ठेवला, दोनदा खोकला आणि मग बोलला. बाबा, अंगावर काटा आला! पुस्तकातला माणूस हाडामांसाचा होऊन समोर उभा होता.

दिग्दर्शकबाईंनी नंतर पुस्तक चाळलं. "खोकला कुठल्या पानावर आहे गं?" कुठेच नव्हता. मी ओशाळले. त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यानेच तर जीव आलाय."

तो खोकला तुमचा होता, बाबा. वाचताना तुम्ही असेच खोकायचात. फोनवर अजूनही ऐकू येतो, आणि आई विषय बदलते.

आता तो जादूगाराला देऊन टाकलाय. तुम्ही ठेवू नका. उद्याच डॉक्टरांना दाखवून या.

तुमची,
शिंपीणबाई