सौ.च्या टाचेसाठी चरबी

६ जानेवारी
फार उशिराने लिहायला बसलो, माफी असावी. कोणाजवळ मागतोय? वहीजवळच. दिवाळीपासून पेन धरलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, ते लिहवत नव्हतं. सौ.ची टाच. साखरेच्या आजाराने जखम वर्षभर भरत नाही. मलमं झाली, ड्रेसिंग झालं, मेलेलं मांस कापून काढलं. खड्डा तसाच.
आज मोठ्या हॉ.त नेलं. डॉ.बाई आमच्या लेकीच्या, लताच्या वयाची. म्हणाली, पाय कापायची वेळ येण्याआधी एक करून बघू. पोटातली चरबी सुईने ओढायची, तिच्यातल्या जिवंत पेशी वेगळ्या काढायच्या, जखमेच्या कडेने टोचायच्या. त्याने मांस भरायला मदत होते. खात्री देत नाही म्हणाली. पुढच्या मंगळवारी या. मग सौ.चं पोट चिमटीत धरून, "आजी तशा बारीकच आहेत."
समजलं ना, विचारलं. मी मान हलवली.

७ जाने.
काल एक लिहायचं राहिलं. मी शर्ट वर करून म्हटलं, माझी घ्या, ही बघा केवढी आहे. बाई हसली. "बाबा, त्यांचीच लागते." रिक्षात सौ. म्हणते, "तुमची चरबी जल्मभर सोसलंय, आता पायात आणि कित्याक?" दोघं हसलो. चारकोपच्या सिग्नलपर्यंत.
पण सौ. म्हणजे नुसती हाडं. चरबी निघालीच नाही तर? मग पायच जाणार. मंगळवारपर्यंत वेळ आहे. साखर द्यायची नाही हे मला कळतं. तुपात साखर कुठे असते?

९ जाने.
सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी तूपभात, बटाट्याची भाजी, पुन्हा भात. सौ. वैतागली. "माका कोंबो समाजलात काय, जत्रेक कापूचो?" म्हटलं, खा गो, वाद घालू नको. मुलुंडला लताला फोन केला, हे बोललो नाही. ओरडली असती.
साखर चिमूटभरसुद्धा घातलेली नाही.

१२ जाने.
पोट बघितलं. कातडीच येते हातात. सौ. दिवसभर पडून, सारखं पाणी मागते. पट्टीला वास येतोय. उद्या जायचंच आहे.

१३ जाने.
झालं नाही. साखर तपासायच्या मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय', म्हणजे मापाच्या बाहेर. ताप. जखमेत पू. लगेच ॲडमिट. डॉ.बाईने विचारलं, खायला काय देत होता? मी सगळं सांगितलं. 
"बाबा, भात, साबुदाणा, बटाटा, पोटात गेलं की त्याची साखरच होते."
मग हळू आवाजात, "चरबी थोडीशीच लागते हो. पोटाची नसती तर मांडीची घेतली असती."
थोडीशीच. मी नुसतं विचारलं असतं, किती लागेल म्हणून. डॉक्टरला उलट कसं विचारायचं ही भीड. हातांनी भरवलं मी तिला. नको नको म्हणत होती.

१४ जाने.
संक्रांत. लता आली. आधी आईजवळ बसली. मग वॉर्डबाहेर, "एक फोन करायचा ना मला, बाबा! एक!"  पाठीवर हात ठेवायला गेलो, ती आत निघून गेली. सलाईन, इंजे. चालू.

१६ जाने.
साखर उतरली. ताप कमी. पण पू हाडापर्यंत गेला असेल तर चरबीचं काही करता येणार नाही. मग घोट्याच्या वरून...
हाडाचे फोटो काढले मशीनमध्ये घालून. सौ.ला आम्ही सांगितलं नाही, तिला कळलंय. म्हणते, "तूप तुमीच खावा आता, डबो भरलेलो आसा." मी हसलो नाही. तर म्हणे, "रडतास कित्याक? पाय माझो."

१७ जाने.
रिपोर्ट दुपारी येणार होता. डॉ.बाई म्हणाली, आला की फोन करते, तुम्ही घरी जाऊन जेवा. लता सौ.जवळ आहे. घरी आलो, जेवलो नाही. दिवेलागण झाली. फोन मांडीवर घेऊन बसलोय. मध्ये एकदा वाजला, बँकेवाला होता, त्याला काय वाटेल ते बोललो.
बाई, जे असेल ते कळवा. लवकर कळवा हो. हाड चांगलं असेल तर बाकी काही बोलू नका, आधी तेवढंच सांगा.