चढावरची वीट

प्रिय नोदिरा,

तुझं पत्र मिळालं. नवऱ्याने मॉस्कोत दुसरा संसार थाटला, मुलीला घेऊन आपल्या गावी, ओशला परतावंसं वाटतं, पण वडील गेले, बर्फाने घर छपरासकट खाली बसलं, आता कोणत्या तोंडाने येऊ, असं तू विचारलंस. त्याआधी एक सांगायचंय, ते ऐक.

माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, टेकडीवरचा आपला मोहल्ला कुणी वसवला? मी पदवीधर बाई, पण एकाही पुस्तकात सापडेना. शेवटी मोहल्ल्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशीकडे, रोझिया खालाकडे गेले. "आपण पुस्तकात कुठले गं, आपण वर राहतो," ती म्हणाली आणि सांगत सुटली. ट्रक खालच्या नळापाशीच थांबायचा. चढ असा उभा की गाढवंही रुसून बसायची. मातीच्या विटा नळापाशी वाळायच्या आणि वर जाणाऱ्याने एक उचलायची. जिथे भिंत उभी राहतेय तिथे ठेवायची, घर कुणाचं ते विचारायचं नाही. वस्ती पाडायची नोटीस घेऊन आलेल्या साहेबालाही खालाने सोडलं नाही. "साहेब, एक हात मोकळा दिसतोय." वर पोचून चहा घेताना तो धापा टाकत म्हणाला, "पाडायला आलो आणि बांधून चाललो." परत काही आला नाही.

मला विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा बाबा अडून बसले होते. मुलीला इतकं शिकवून करायचंय काय? तुझे वडील, सोबिरकाका, माझ्या पुस्तकांचं खोकं खांद्यावर घेऊन चढून आले आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "हिच्या विटा कागदाच्या आहेत, भाऊ. वजनाला कमी नाहीत, उचलून बघा." बाबांना हसू आलं. आमच्या घरातली पहिली पदवी त्या हसण्यातून आली. काकांचे आभार मानायचे मात्र राहून गेले.

सध्या नळापाशी पुन्हा विटांचा ढीग लागलाय. शाळा सुटली की माझी मुलं एकेक वीट नेतात. खाला अर्धीच नेते आणि अख्खी नेल्याचं सांगते. बाबा तर दोन्ही हातांत घेऊन चढतात. घर कुणाचं, कुणी विचारलं नाही. पहिली वीट मी तुमच्या अंगणात नेऊन ठेवली, एवढंच. भिंत कमरेपर्यंत आली आहे. खिडकी कुठे हवी ते तू सांगायचंस, म्हणून आम्ही थांबलोय. तेव्हा कोणत्या तोंडाने ते सोड आणि ये. एका हाताने लेकीला धर, दुसरा मोकळा ठेव. नळापाशी तुझ्या वाटची वीट काढून ठेवली आहे.

वर वाट बघणारी,
तुझीच मुनोजात