एकशे नव्याण्णव फॉर्म

१ मे २०२४, सकाळी ८.१५
आजपासून शिस्त. पीएच.डी.च्या नोंदणीची सहा वर्षं ३० सप्टेंबरला संपतात. म्हणजे अजून पाच महिने आहेत. माणसाने पाच महिन्यांत काय काय केलेलं असतं!
विषय जबरदस्त आहे: 'करंजा बंदरातील मासळी लिलावावर माहिती प्रणाली व मोबाइल नेटवर्कचा परिणाम'. गाइड विश्वजीत सरांना काहीतरी स्थानिक हवं होतं, आणि गुगल मॅपवर आमच्या कामोठ्याहून करंजा जवळ दिसलं. मी आणि बायको कुमुद, आम्ही दोघंही घाटावरचे, शाकाहारी. कुमुदने तेव्हाच विचारलं होतं, मासे का? मी म्हणालो, संशोधक तटस्थ हवा. माझ्याइतका तटस्थ माणूस या विषयाला मिळणार नाही.
संकल्प: रोज पहाटे साडेचारला उठणे. रोज दोन पानं लिहिणे. उद्यापासून.

३ मे
पहाटेचं ऊन बाधतं. उठणं सोमवारपासून.

७ मे, दुपारी
डायरेक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, गुरुदत्त, सप्टेंबरअखेर थीसिस गेला नाही तर पुढच्या टर्मपासून तुम्ही तासावर. तासावर म्हणजे व्हिजिटिंग! बारा वर्षं एमबीएला रिसर्च मेथडॉलॉजी शिकवणाऱ्या माणसाला! मी शांतपणे सांगितलं की लेखन अंतिम टप्प्यात आहे. खोटं नाही. मुखपृष्ठ तयार आहे.
घरी आल्यावर कुमुदला सांगितलं. तिने बँकेतलं प्रमोशन दोनदा नाकारलंय, कारण बदली नाशिकला होती आणि माझी पीएच.डी. 'होतच आली' होती. ती भेंडी चिरत राहिली. बायकोचा एवढा विश्वास असला की माणसाला बळ येतं.

१२ मे, रविवार
फील्डवर्क! सेकंड इयरची प्रांजल करंजाचीच, तिने तिच्या आत्याशी गाठ घालून दिली. गोदूबाई. तीस वर्षं लिलावात बोली लावतात. मी सकाळी निघालो, पण उरण रस्त्यावर कंटेनरची रांग, मध्ये नाश्ता, पोचेपर्यंत अकरा वीस. लिलाव संपलेला. गोदूबाई म्हणाल्या, मास्तर, पाचला यायचं. आता हितं बरफ हाय निस्ता.
तरी मी मुलाखत घेतली. भाव कसा कळतो विचारलं. म्हणाल्या, आमचा बायकांचा ग्रुप हाय, चाळीस जनी, उरणपासून पनवेलच्या मार्केटापर्यंत. बोटीला काय लागलं, ते होडी धक्क्याला टेकायच्या आदी आमाला ठावं असतं. सगळं व्हॉइस मेसेजवर. नोंद केली: अनौपचारिक नेटवर्क, अवैज्ञानिक. यांना मासळीचे भाव दाखवणाऱ्या माझ्या 'दर्यादर' ॲपची किती गरज आहे!
ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. त्यांनी विचारलं, यात भाव कोन टाकनार? म्हटलं, तुम्हीच टाकायचा. त्यावर बराच वेळ हसल्या. लाजाळू समाज.
सुकत घातलेल्या बोंबलांचे अकरा फोटो काढले. डोकं दुखतंय. निरीक्षण-अभ्यास पूर्ण.

२६ मे
प्रश्नावली तयार. बत्तीस प्रश्न. प्रांजलला दाखवली. ती म्हणाली, सर, लवकर जा, नंतर उपयोग नाही. तिला म्हटलं, डेटा कधी शिळा होत नसतो. या मुलांना घाई फार.

१७ जून
पाऊस. फील्डवर जाणं अशक्य. संशोधकाने उपलब्ध साधनांचा कल्पक वापर करावा असं मी स्वतःच वर्गात सांगतो. उपलब्ध साधन: सेकंड इयरची चाळीस मुलं. प्रत्येकी पाच फॉर्म, प्रत्यक्ष लिलावात जाऊन भरून आणायचे, वर तारीख घालायची. दहा इंटर्नल मार्क. सगळ्यांचे डोळे चमकले. संशोधनाची गोडी अशी लावावी लागते.

८ जुलै, सकाळी १०
फॉर्म आले! १९९ पूर्ण भरलेले, २५ जून ते ५ जुलैच्या तारखांचे. एक प्रांजलचा, कोरा. खाली पेन्सिलने काहीतरी खरडलंय. माझ्याजवळ चष्मा नव्हता. अपूर्ण फॉर्म बाद करावा असा नियम आहे, बाद केला. करंजाचीच मुलगी, आणि तिने बाकीचे चार फॉर्म आणलेसुद्धा नाहीत! ते हितेशने भरून दिले, नऊ आणले त्याने. असा विद्यार्थी हवा.
पुष्कळ मच्छीमारांचं अक्षर एकसारखं आहे. साक्षरता प्रसाराचं हे यश कुणी मांडलं पाहिजे. काही फॉर्मना तेलाचे डाग आणि हिरव्या चटणीचा वास. बंदराचं वातावरण कागदात उतरलं आहे.

१५ जुलै
विश्लेषण. उत्तरं एकमेकांशी इतकी जुळतात की सॉफ्टवेअरही चकित. विश्वासार्हता ०.९७! विश्वजीत सरांना फोन केला. त्यांनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाले, एवढी कशी? म्हटलं, सर, सच्ची माणसं आहेत.
रोजची सरासरी आवक एकशे चाळीस टोपल्या. ॲपमुळे समाधानी: ९४ टक्के.
कुमुदने विचारलं, ॲप डाउनलोड किती जणांनी केलंय? दोघींनी. गोदूबाई आणि कुमुद स्वतः. तिने फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मार्चमध्ये काढून टाकलंय. घरातच असा विरोध.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
प्रांजल स्टाफरूममध्ये नारळीभाताचा डबा घेऊन आली. म्हणाली, सर, आज दर्याला नारळ दिला, आता सगळं नीट सुरू होईल, आत्या म्हणते आता या. शिवाय फॉर्मवरच्या तारखांबद्दल बोलायचं होतं म्हणे. मी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांत अडकलो होतो. म्हटलं, तारखांचं फॉरमॅट मी बघून घेईन. भात छान होता. ही प्रथा प्रस्तावनेत टाकावी. एक ओळ.

९ सप्टेंबर
२१८ पानं! त्यातली ९० परिशिष्टं, पण जाडी महत्त्वाची. २७ तारखेला प्री-सबमिशन सेमिनार. एक नामी कल्पना सुचली: गोदूबाईंना व्यासपीठावर बोलवायचं. शाल, श्रीफळ. समाजाशी नाळ. बाहेरचे तज्ज्ञ खूश होतात. कुमुदला म्हटलं, नाशिकचा फॉर्म तिसऱ्यांदा आलाय ना, नाही म्हणून टाक, आता डॉक्टरांची बायको होणार तू. ती म्हणाली, बघते.

२७ सप्टेंबर, सायंकाळी
लिहावंसं वाटत नाही.
थोडक्यात. सेमिनार उत्तम सुरू झाला. आवकेचा आलेख पडद्यावर, निळे उंच खांब, खाली तारखा. मीच म्हणालो की आता हे आकडे प्रत्यक्ष जगणाऱ्या गोदूबाई दोन शब्द बोलतील. त्या उठल्या, पडद्याजवळ गेल्या, खांबाखालच्या तारखांवर बोट ठेवत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मास्तर, जून-जुलैला बंदी असते. बोटी वर काडलेल्या, शाकारून ठेवलेल्या. दर्यान कोनी जात नाय, लिलाव होत नाय. येवडा म्हावरा तुमी कुटून आनला?
अत्यंत साधा प्रश्न होता. खरंच विचारत होत्या, हिणवत नव्हत्या.
आधी मागची मुलं हसली. मग बाहेरून आलेले तज्ज्ञ. ते रत्नागिरीचे. विश्वजीत सर हसले नाहीत, त्यांनी फाइल बंद केली. हितेश तेवढा जमिनीकडे बघत होता. शाल माझ्याच हातात राहिली, ती मी गोदूबाईंना दिली की खुर्चीवर ठेवली, आठवत नाही.

२८ सप्टेंबर
मुद्दा तांत्रिक आहे. 'पावसाळ्यातील संभाव्य आवक' असं शीर्षक बदललं तर?
विश्वजीत सर फोन उचलत नाहीत.

३० सप्टेंबर, दुपारी ४
नोंदणी संपली. पुढच्या टर्मपासून तासावर. डायरेक्टरसाहेबांनी चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.
कपाट आवरताना बाद फॉर्म सापडला. या वेळी चष्मा होता. पेन्सिलने लिहिलंय: सर, १ जूनपासून बंदी आहे. बोटी वर काढल्यात. आता भरला तर खोटा होईल, म्हणून कोरा देते. नारळी पौर्णिमेनंतर या, आत्या सगळं दाखवेल. प्रांजल.
दोनशे फॉर्ममध्ये खरा एकच होता आणि तेवढा मी काढून टाकला. बारा वर्षं मी मुलांना नमुना कसा निवडावा ते शिकवतोय. लाज वाटली. पुन्हा लिहितो, लाज वाटली.
कुमुदला सांगितलं. तिने सांगितलं की नाशिकला तिने हो कळवलंय. नऊ तारखेलाच.

२ ऑक्टोबर, सकाळी ८.३०
सुट्टी. पहाटे साडेतीनला कुमुदने उठवलं. म्हणाली, चल, मी नाशिकला जायच्या आधी तुझा तो लिलाव तरी बघू दे, सहा वर्षं ऐकतेय. स्कूटर तिनेच चालवली. पाचला दहा कमी असताना करंजात. रस्ता रिकामा होता. इतका सोपा होता.
लिलाव पाहिला. गोदूबाई ओरडत होत्या, टोपल्या सरकत होत्या, मला पाहून नुसता हात केला आणि पुन्हा बोलीत गुंतल्या. दर दोन मिनिटांनी चाळीसजणींच्या फोनवर मेसेज जात होता. 'दर्यादर' कुणाला आठवतही नव्हतं. कुमुदला मजा आली. कोळंबीला तिथे काय म्हणतात ते तिने दहा मिनिटांत शिकून घेतलं.
प्रांजल तिथेच फॉर्म घेऊन उभी होती. तिचा एमबीएचा प्रोजेक्ट: आत्याचा तो ग्रुप. मला पाहून ओशाळली. मग एक फॉर्म पुढे केला. म्हणाली, सर, लिलावात उभं असलेल्या प्रत्येकाकडून घ्यायचा, तुम्हीच शिकवलंय. आणि कोरा ठेवू नका हं, अपूर्ण फॉर्म बाद होतो.
पेन तिचंच घेतलं. पहिला प्रश्न: लिलावाला किती वर्षांपासून येता?
लिहिलं: आज पहिल्यांदा.