कंटेनरमधून आलेलं घर

१३ सप्टेंबर २०२२
नोकरी जवळपास मिळाली! जवळपास म्हणजे – इथे दोह्यात, अबू हमूरमधल्या एका व्हिलाचं इंटिरिअर उल्काताईच्या कंपनीकडे आहे. वर्ल्ड कपला येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा आहे तो. वेळेवर उघडला तर रिसेप्शनला मी. नाही उघडला तर परत चिपळूण, बाबांचं झेरॉक्सचं दुकान. ताई माझी मावसबहीण कमी, साहेब जास्त. "गंधार, दहावीनंतर एक गोष्ट पूर्ण केलेली दाखव." मनालीत हॉस्टेलवर कामाला आठ महिने टिकलो होतो. ते धरत नाहीत म्हणे.

१५ सप्टेंबर
कंटेनर आला. आत घर! मालकीण मैमुना मॅडमनी ऑस्ट्रेलियातलं एक पाडलेलं घर तुकड्यांत विकत घेतलंय. चौकटीसकट दरवाजा, जिना, रंगीत काचा – आणि फायरप्लेस! बाहेर बेचाळीस डिग्री! व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, १८९४ सालचं. वाळवंटाच्या कडेला सोन्याच्या खाणीमुळे वसलेल्या गावातलं. त्या घराचा इतिहास मी एका पानात लिहायचा, त्याची पाटी लागणार.
विकणाऱ्याला मेल टाकला. मग सूक वाकिफच्या बाजारात ससाणे बघत बसलो. एक ससाणा थेट आमच्या हेडसरांसारखा बघत होता. संध्याकाळ तिथेच गेली.

१८ सप्टेंबर
अडलं. पोपटराव सुतार चौकट उभी करेनात. कऱ्हाडचे. अकरा वर्षं इथे, बायको-पोरं तिकडे.
"पितृपंधरवडा हाय. आन् ही जुन्या घराची चौकट. त्या घराचं काय झालं, ठावं हाय का? वंश बुडला, जळलं, भावकीत फुटलं – तसली चौकट म्या दुसऱ्याच्या दारात उभी करत न्हाई."
ताई म्हणाली, "पोपटराव, हे दोहा आहे!"
"लाकूड सगळीकडं लाकूडच की, ताई."
दुसरा सुतार मिळणार नाही. सगळे हॉटेलांच्या कामांवर. ताई माझ्याकडे वळली. "इतिहास तुझ्याकडे आहे ना? सांग यांना."
विकणाऱ्याचं उत्तर नाही.

१९ सप्टेंबर
खोटं बोललो. मनापासून बोललो! घरात सात पोरं घातली. बाप खाणीत मुकादम.
"थोरला काय करायचा?"
रेल्वेत लावला.
"पोरींची लग्नं?"
झाली. सगळ्या सुखात.
पोपटराव नुसते "हं" म्हणाले.

२२ सप्टेंबर
पोपटराव जेवणाच्या सुट्टीत रोज पुढचं विचारतात. आज धाकटी एमिली पळून गेली म्हटलं, तर घास हातातच राहिला. "परत आली न्हवं?" आणली परत. नवऱ्यासकट!
हेच पाटीसाठी लिहून दिलं. इंग्रजी ताईने नीट केलं.

५ ऑक्टोबर, दसरा
चौकट उभी राहिली!! पोपटरावांनी सकाळी रंधा-पटाशी पुजली. झेंडू मी अल मुंतझातल्या दुकानातून आणला. मग हळदकुंकवाचं बोट चौकटीच्या भिंतीत जाणाऱ्या बाजूला. "दुसऱ्याच्या घरात आपला देव कशाला मिरवायचा? लाकडाला कळलं, झालं."

६ ऑक्टोबर
विकणाऱ्याचा मेल आला. आजच यायचा होता!
घर बांधून झालं आणि त्याच साली खाण बंद पडली. ज्यांनी बांधलं ते कुटुंब राहायला आलंच नाही. घराला शंभरावर वर्षं कुलूप. मग पाडलं.
कुणी जन्मलं नाही, कुणी पळून गेलं नाही. पोपटरावांना हे जळक्या घरापेक्षा वाईट वाटणार. सांगितलं तर चौकट उखडतील, नोकरी गेली. नाही सांगितलं तर त्यांच्यासमोर जेवायला कसं बसू?

७ ऑक्टोबर
शुक्रवार. झोपलो.

९ ऑक्टोबर
सांगून टाकलं. पोपटराव डबा उघडत होते.
"ठावं हाय मला."
कसं काय, मी विचारलं.
"आरं, उंबऱ्यावरनं हात फिरव. सात पोरांचा उंबरा मधी झिजून बशीगत होतोय. ह्यो कोरा. बिजागऱ्या बी कोऱ्या. पयल्याच दिशी बघितलं. म्हनून तर इचारलं."
"मग उभी का केलीत?"
"तू रोज कुनी ना कुनी आत घातलंस. आता रिकामं कुठं ऱ्हायलं त्ये?" भात कालवला. "एमिलीचा नवरा काय करतो, त्ये मातर सांगितलं न्हाईस."
वैद्य केला त्याला. घाईत दुसरं सुचलं नाही.

११ ऑक्टोबर
उद्या मॅडम येणार. पाटी लागली, झकास दिसते. मेलबद्दल ताईला बोललेलो नाही.

१२ ऑक्टोबर
मॅडमनी पाटी दोनदा वाचली. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत वर गेल्या, खाली आल्या. "खलास. ये फॅमिली का घर है, होटल नहीं बनेगा." मुलांना घेऊन स्वतःच राहणार म्हणे! ताईला वरच्या खोल्यांचंही काम दिलं. रिसेप्शन रद्द.
मेल माझ्या खिशात, फोनमध्ये. दाखवला असता तर नोकरी वाचली असती.
नाही दाखवला. शुक्रवारी त्यांचं सामान येतंय. उतरवायला जाईन.