मागच्या अंगणातलं तपकिरी पाखरू

दि. ४ जून

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आधी शेजारच्या शिंपीकाकांकडून वाचून घेतलं, मग चष्मा पुसून मी स्वतः एकेक अक्षर लावलं. मुलांच्या पुस्तकात तुझी चित्रं छापणार म्हणजे काय थट्टा आहे. लहानपणी भिंतीवर रेघोट्या ओढल्यास म्हणून तुझ्या आईने तुला बडवलं होतं, तिला आता कळव.

तर तुला ते साधं तपकिरी फुलपाखरू हवंय, आणि त्याची अळी जिवंत बघायचीय. अगं, काल तिन्हीसांजेला दिसलं. भिंतीच्या कडेला, हलेना की डुलेना. मी श्वास धरून बसले, पायाला मुंग्या आल्या. शेवटी शिंपीकाकांनी कुंपणावरून विचारलं, वाळक्या पानाला काय न्याहाळताय म्हणून. पानच होतं मेलं. आता सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत. खरं कसं ओळखायचं ते नीट लिही. माझ्यासाठी येत नाहीस, पाखरासाठी तरी ये.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी आजी

दि. ११ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू फसलीस यात नवल नाही, मिटलं की ते वाळक्या पानासारखंच दिसतं. उडताना पुढच्या पंखावर काळा डोळा दिसेल, त्यात पांढरे ठिपके. बसताना पंख जोडून उभे धरतं. पसरून बसलं तर बहुधा पतंग, त्याला सोड.

फुलांकडे ते फारसं फिरकत नाही. ताटलीत सडत आलेली केळी ठेव. आणि मागचं गवत वाढू दे, कारण अंडी ते पात्यावर घालतं आणि अळी तेच गवत खाते. अळी हिरवीगार, डोक्यावर दोन शिंगं. तुला अंगणात काडी पडलेली खपत नाही, ठाऊक आहे, पण एवढं ऐक.

फोटोवरून काढलेली माझी अळी रबरी दिसते असं संपादकबाई म्हणतात, आणि खरंच दिसते. चित्रं जुलैअखेर द्यायचीत. अळी दिसली की कळव, रजा काढून येते.

प्रकृतीला जप, माया राहू दे.
तुझी भिंगरी

दि. ९ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

वि. वि. पाखरू आलं. केळ्यावर सोंड लावून असं प्यायलं की बोटाने ढोसलं तरी ढिम्म. उडालं तेव्हा काळा डोळा, पांढरे ठिपके, सगळं मोजूनमापून तू लिहिलंस तसं. गवत माझ्या गुडघ्याला लागतंय. काल पात्याखाली शिंगवाल्या अळ्यासुद्धा दिसल्या, तोंड अगदी मांजरीसारखं. शिंपीकाका म्हणतात गवतात साप शिरेल. मी म्हटलं, शिरला तर त्याच्या विजारीचं माप घ्या.

रविवारी येतेस ना? गाद्यांना ऊन दाखवते, पडदे धुवायला काढते. किती दिवसांनी गं.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी आजी

दि. २ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, धीर होत नव्हता. त्या रविवारी मी पिशवी टाकून थेट मागे धावले, तर जमीन भुंडी. एक पातं नाही. तुला एवढंसुद्धा कळत नाही का, असं मी तुला म्हणाले, आणि चहाही न घेता संध्याकाळच्या गाडीने परत फिरले. तू फाटकाशी उभी होतीस. मी मागे वळून पाहिलं नाही.

अळी शेवटी फोटोवरून काढून दिली. रबरीच झालीय.

रागाने नाही, खरंच विचारते. गवत का कापलंस?

माफ करशील ना?
तुझी भिंगरी

दि. ८ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. माफी कसली मागतेस, वेडी. शनिवारी घर झाडलं, खिडक्या पुसल्या. मागे गेले तर ते गवत डोळ्यांत खुपलं. माणूस यायचं आणि अंगण असं? विळा कधी हातात आला कळलंच नाही. अळ्या डोक्यातून पार गेल्या, तू येणार एवढंच डोक्यात. कचऱ्याच्या गाडीत भारे चढले तेव्हा आठवलं. मागे पळाले, पण गाडी कोपऱ्यावर वळली होती. तू आलीस तेव्हा सांगायला तोंड उघडलं, पण तुला बघून हसूच आलं. ते हसणं तुला लागलं असेल.

तेव्हापासून एकच मनात येतं. तू इथे राहायचीस तेव्हा तुझ्यासाठी मी कधी अंगण आवरलं नाही. घरच्या माणसासाठी कोण आवरतं? आवरतात ते पाहुण्यासाठी. तू पाहुणी कधी झालीस, माझ्या लक्षातच आलं नाही.

पुस्तकातली अळी आता रबरीच राहणार, त्याला इलाज नाही. गवत परत फुटतंय, पण माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही.

म्हणून एक कर. पुढच्या वेळी येशील तेव्हा कळवू नकोस.

तुझीच,
आजी